चौकटीतली शून्यं

प्रिय मित्रा,

तुझी सूत्रांची यादी मिळाली. सतरा! एवढी पाठ करत बसू नकोस. सागरी परिसंस्थेच्या अभ्यासातलं सुरुवातीचं गणित बेरीज, भागाकार आणि थोडंसं लॉगरिदम यांवर निभतं. गोची होते ती आकडा कुठून आला हे विसरल्यावर.

माझीच फजिती ऐक. पहिल्या वर्षी अर्धा मीटर बाजूची चौकट खडकावर ठेवून बार्नॅकल (खडकाला चिकटून राहणारे कवचधारी प्राणी) मोजले आणि दर चौरस मीटर घनता काढायला सगळ्या आकड्यांना दोननं गुणलं. चौकट ‘अर्ध्या मीटरची’ ना! तिचं क्षेत्रफळ ०.२५ चौरस मीटर, म्हणजे गुणायचं होतं चारनं. हंगामभराच्या घनता निम्म्या निघाल्या आणि कुणालाही शंका आली नाही, कारण चुकीचे आकडेही तितकेच शहाणे दिसतात.

आता समज, दहा चौकटींत तुला लिंपेट (टोपीसारख्या शंखाच्या, खडकाला चिकटणाऱ्या गोगलगायी) असे सापडले: ०, ०, १, ०, ३७, ०, २, ०, ०, ०. सरासरी ४. पण चार लिंपेट असलेली चौकट एकही नाही! इथे प्रसरण, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप, काढ. ते १३५ च्या आसपास येतं. प्राणी कसेही, एकमेकांशी संबंध नसल्यासारखे विखुरलेले असते तर प्रसरण सरासरीच्या जवळपास राहिलं असतं. इथे ते चौतीस पट आहे, म्हणजे लिंपेट घोळक्यानं बसलेत. का, ते सूत्र सांगत नाही. त्या सदतीसवाल्या चौकटीपाशी परत जाऊन वाक. बहुधा एखादी भेग दिसेल, ओहोटीतही ओल धरून ठेवणारी.

याच आकड्यांची प्रमाण त्रुटी, म्हणजे ही सरासरी किती डळमळीत आहे याचं माप, ३.७ येते. चार, अधिक-उणे ३.७! ती निम्म्यावर आणायची तर चौकटी दुप्पट करून भागत नाही, चौपट लागतात, कारण भागाकार चौकटींच्या संख्येच्या वर्गमुळानं होतो. चाळीस चौकटी एका ओहोटीत होतील का, हे घरून निघण्याआधीच ठरव. आणि ‘काही नव्हतंच’ म्हणून शून्यं गाळलीस तर सरासरी एकदम १३.३ होईल. चौकट कुठे ठेवायची तेही डोळ्यांवर सोडू नकोस, डोळा गजबजलेली जागाच निवडतो. टेप अंथर आणि यादृच्छिक आकड्यांनी जागा काढ.

विविधतेसाठी, म्हणजे प्रजाती किती आणि त्यांची वाटणी किती सारखी हे मोजायला, शॅनन निर्देशांक लागेल. प्रत्येक प्रजातीचा वाटा गुणिले त्या वाट्याचा नैसर्गिक लॉग, सगळ्यांची बेरीज, मग चिन्ह उलटं. दोन खडक घे, दोन्हींवर चार प्रजाती, शंभर प्राणी. एकावर पंचवीस-पंचवीस, दुसऱ्यावर ९७, १, १, १. पहिल्याचा निर्देशांक १.३९, दुसऱ्याचा ०.१७. नुसते हे आकडे मला तरी मुके वाटतात. म्हणून ‘ई’चा (नैसर्गिक लॉगचा पाया, सुमारे २.७२) तेवढा घात काढ: पहिल्यावर ४ प्रजाती, दुसऱ्यावर जेमतेम १.२. आता कसं, खडक डोळ्यांसमोर आला. मात्र एका ठिकाणी दहा आणि दुसरीकडे चाळीस चौकटी टाकून ही तुलना करू नकोस. जास्त शोधलं की दुर्मीळ प्रजाती जास्त सापडणारच.

पाण्यातल्या उजेडासाठी सेकी तबकडी, दिसेनाशी होईपर्यंत दोरीनं पाण्यात सोडायची ती, अजूनही माझी लाडकी. इटालियन खगोलशास्त्रज्ञ अँजेलो सेकी यांनी १८६५ मध्ये ती भूमध्य समुद्रात वापरली. दिसेनाशी होण्याची खोली ८.५ मीटर असेल तर १.७ ला तिनं भाग: प्रकाश घटण्याचा गुणांक ०.२ दर मीटर. पृष्ठभागावरच्या उजेडाचा एक टक्का जिथे उरतो ती खोली ४.६ (शंभराचा नैसर्गिक लॉग) भागिले ०.२, म्हणजे २३ मीटर. वनस्पती प्लवकांचं (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींचं) दुकान ढोबळमानानं तिथपर्यंत चालतं. हा १.७ देववाणी नव्हे, गढूळ पाण्यात तो बदलतो.

उजेडी आणि अंधारी बाटलीचं गणित सोपं आहे: एकच पाणी दोन बंद बाटल्यांत भरायचं, एकीत उजेड जाऊ द्यायचा, दुसरी झाकायची आणि काही वेळानं ऑक्सिजन मोजायचा. सुरुवातीला ऑक्सिजन लिटरला ८.० मिलिग्रॅम, उजेडीत ८.९, अंधारीत ७.६ झाला, तर निव्वळ उत्पादन ०.९, श्वसन ०.४, एकूण १.३. फक्त ते ०.४ एकट्या प्लवकांच्या नावावर लिहू नकोस, बाटलीत जिवाणूही श्वास घेत असतात.

बाकीची सूत्रं लागतील तेव्हा बघू. पहिल्या ओहोटीनंतर मला वहीच्या पानाचा फोटो पाठव. सरासरी नको, चौकटीगणिक कच्चे आकडे हवेत, शून्यांसकट, आणि वर चौकटीची बाजू लिहिलेली.

तुझा,
एक जुना मोजणारा