पाश्चात्त्य शास्त्रीय पियानोचे पीस काठिण्यानुसार लावलेले कुठे मिळतील?

यादी हवी आहे ना, आधी ती घ्या. हेन्ले या जर्मन प्रकाशकाच्या संकेतस्थळावर पियानोच्या रचनांपुढे 1 ते 9 असे आकडे दिलेले असतात. 3 पर्यंत सोपं, 6 पर्यंत मध्यम, त्यापुढे अवघड. एबीआरएसएम आणि ट्रिनिटी या ब्रिटिश परीक्षा मंडळांच्या ग्रेड आठपर्यंत, कॅनडाच्या रॉयल कॉन्झर्व्हेटरीच्या लेव्हल दहापर्यंत. तेव्हा इकडची आठवी नि तिकडची आठवी एकच धरू नका. नाव मिळालं की नोटेशन आयएमएसएलपी या ऑनलाइन संग्रहात शोधा. कॉपीराइट संपलेलं बहुतेक सगळं तिथे फुकट आहे.

पण तुम्ही पुढे लिहिलंय, "चौथी ग्रेड झाली, आता पाचवीच्या वरचंच सुचवा." या एका वाक्यासाठी मी लिहायला बसलो.

माझा मावसभाऊ आठवी ग्रेड चांगल्या गुणांनी पास. एरवी माणूस झकास. एकदा मी पेट्झोल्डचा जी मेजर मिन्युएट वाजवत होतो (बाखच्या नावावर खपतो तोच), तर मागून आवाज आला, "अजून हेच? हे तर पोरं वाजवतात." मी उठलो, शूमानचं ऑपस 68 (ऑपस म्हणजे रचनेचा क्रमांक) उघडलं, मधलाच एक छोटा पीस समोर ठेवला आणि म्हटलं, "दादा, वाजव." शूमानने 1848 साली पोरांसाठीच लिहिलेलं पुस्तक आहे ते. दुसऱ्या ओळीत डावा हात अडला, मग उजवा त्याची वाट बघत बसला, मग पेडल दाबून झाकाझाक. शेवटी म्हणाला, "हा मी तयार केलेला नाही." अरे, तेच तर! वर्षाला तीन पीस घासायचे, परीक्षा द्यायची, विसरायचे. आठ ग्रेडचे चोवीस पीस. त्यातले आज किती येतात, विचारलं तर विषय बदलला.

त्याचं अजून तेच, मोठा आकडा म्हणजे मोठा वादक. आकड्याला कान नसतात हो. शोपँचा ई मायनर प्रिल्यूड घ्या, ऑपस 28 मधला चौथा. जेमतेम 25 बार (तालाचे कप्पे), उजवा हात जवळपास जागचा हलत नाही. पण डाव्या हाताचे कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) एकसारखे, मेलडीच्या खाली ठेवून वाजवून दाखवा. मोत्झार्टने के. 545 हा सोनाटा 1788 मध्ये स्वतःच्या यादीत 'नवशिक्यांसाठी' म्हणून नोंदवला. त्यातलं एखादं स्केल किंचित वाकडं गेलं तरी लगेच कळतं. उलट 'फ्यूर एलीझ'ची सुरुवात सगळ्यांना येते, मधल्या भरभर भागात निम्मे गळतात.

म्हणून सांगतो, दोन ग्रेड खाली उतरा आणि भरपूर वाजवा. बुर्गम्युलरचं ऑपस 100 हे सोप्या सरावरचनांचं पुस्तक अख्खं वाजवा. बार्टोकचं 'मिक्रोकॉसमॉस' तर चढत्या क्रमानेच लावलेलं आहे, सहा भाग, 153 पीस. कुणाच्या आकड्यांची गरजच नाही. वर्षाकाठी एखादा झेपेल की नाही असा पीस हवा तर जरूर घ्या, माझी ना नाही.

हात लहान असतील तर आकड्यावर आणखी कमी विसंबा. त्याच ऑपस 28 मधला सातवा प्रिल्यूड फक्त 16 बारचा, पण त्यातला एक रुंद कॉर्ड पुष्कळांच्या हातात मावत नाही. आणि परीक्षेलाच बसणार असाल तर वरचं सगळं सोडा, चालू अभ्यासक्रमाची यादी उघडा आणि त्यातलेच पीस बसवा.