जुने पीसी, नवा सर्व्हर: आधी एवढंच बघ

जुने पीसी नव्या सर्व्हरला जोडले जात नसतील तर घाबरू नकोस, सर्व्हर बहुतेक वेळा ठणठणीत असतो. आधी त्याला आयपीने (आकड्यांच्या पत्त्याने) पिंग कर, म्हणजे तो उत्तर देतो का ते बघ, मग नावाने. आयपी चालला आणि नाव अडलं, तर डीएनएस, म्हणजे नावावरून आयपी शोधणारी सेवा, तपास.

- घड्याळ बघ. डोमेनमध्ये (सर्व्हरवरून एकत्र सांभाळलेल्या पीसींच्या गटात) पीसी आणि सर्व्हरच्या वेळेत पाच मिनिटांहून जास्त फरक पडला की लॉगिन अडू शकतं, आणि जुन्या मदरबोर्डचा सेल बऱ्याचदा संपलेला असतो, त्याने वेळ चुकते.
- विंडोज एक्सपी आहे का? त्याला फक्त एसएमबी १ (फाइल शेअरिंगची जुनी पद्धत) कळतं; विंडोज सर्व्हर २०१९ मध्ये ते मुळात बसवलेलंच नसतं. विंडोज ७ ला एसएमबी २ येतं, तिथे कारण दुसरं शोध.

नवशिके इथेच घसरतात: सर्व्हरवर एसएमबी १ चालू करून मोकळे होतात. २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस त्याच वाटेने पसरला. त्यापेक्षा तो एक्सपी बदलून टाक. फायरवॉलही कायमची बंद ठेवू नकोस.

एका वेळी एकच बदल कर आणि लिहून ठेव. टीएलएस (जोडणीचं एन्क्रिप्शन), ग्रुप पॉलिसी (डोमेनमधल्या पीसींना लागू होणाऱ्या सेटिंग्ज) नंतर बघू.