गोळी बदलण्याआधी

सोलापूर

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. चिंतेच्या आजारावरची एस्सिटालोप्राम ही गोळी हळूहळू कमी करून सर्ट्रालिन ही दुसरी सुरू करायचे डॉक्टरांनी ठरवले आहे, ती चिठ्ठी तीन दिवस तुझ्या पर्समध्ये पडून आहे आणि गोळ्या अजून आणलेल्याच नाहीत, हे वाचून मला आश्चर्य वाटले नाही. नवी पेठेतल्या औषधाच्या दुकानात काउंटरमागे माझी 31 वर्षे गेली. ‘डोक्याच्या गोळ्यां’ची चिठ्ठी पुढे करून, किंमत विचारून, ‘जरा जाऊन येते’ म्हणत परत न येणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. भीती हेच ज्या आजाराचे मुख्य लक्षण, त्याच्या औषधाचीही भीती वाटली तर त्यात तुझा दोष तो काय?

पहिले औषध लागू पडले नाही, म्हणजे आपला आजारच हट्टी असावा, असे तू लिहिले आहेस. तसा अर्थ निघत नाही. ही दोन्ही औषधे मेंदूतील सेरोटोनिन या रसायनावर काम करणाऱ्या एकाच गटातली असली, तरी त्यांची रचना वेगळी आहे, आणि औषध मोडण्याचा यकृताचा वेगही माणसागणिक निराळा असतो. त्यामुळे एकीला जे मानवते ते दुसरीला मानवेलच असे आधी सांगता येत नाही. डॉक्टरांनी पूर्ण मात्रेवर आठ आठवडे वाट पाहून मगच हा निर्णय घेतला, ही मला घाई वाटत नाही.

आता माझी गोष्ट सांगतो, कारण ती तुझ्या उपयोगाची आहे. मीही काही वर्षे अशाच गोळ्या घेत होतो. माझी पॅरॉक्सेटिन होती. एका जानेवारीत, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, गर्दीत दुकान सांभाळताना, बरे वाटते आहे म्हणून मी ती एकदम सोडली. औषधे विकणाऱ्याला शहाणपण असतेच असे नाही. तिसऱ्या दिवशी संमती कट्ट्याजवळ अक्षता सोहळ्याला उभा असताना मान वळवली की डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे होई, भोवळ येई आणि कारण नसताना रडू कोसळे. मला वाटले, आजार दुपटीने उलटला. प्रत्यक्षात औषध अचानक थांबल्याची ती शरीराची तक्रार होती, आणि पॅरॉक्सेटिनच्या बाबतीत ती अधिक तीव्र असते. डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू करून पायरीपायरीने उतरवली, तेव्हा काहीही झाले नाही. म्हणून तुझ्या चिठ्ठीत जुनी गोळी 10 वरून 5 मिलिग्रॅमवर आणून त्याच वेळी नवी 25 मिलिग्रॅमने सुरू करायला लिहिले आहे, ते तंतोतंत पाळ. मधली पायरी गाळू नकोस आणि स्वतःच्या मनाने जास्तीची घालूही नकोस. एखादी गोळी चुकली, तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत.

या औषधांची एक खोड अशी की त्यांचा त्रास आधी येतो आणि गुण मागून. मळमळ, पोट बिघडणे, झोप मोडणे आणि काही दिवस उलट अधिक अस्वस्थ वाटणे हे पहिल्या एकदोन आठवड्यांत होऊ शकते. गुण दिसायला मात्र दोन ते सहा आठवडे लागतात. तुझ्यासारख्यांची खरी कसोटी लागते ती या मधल्या दिवसांत, कारण पोटात ढवळले तरी मन त्याचा अर्थ लावू लागते. सर्ट्रालिनने घाम वाढतो, हे खरे. पण आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा घाम आणि धडधड कोणालाही होते, तेव्हा सगळे बिल गोळीच्या नावावर फाडू नकोस. पाणी मात्र पीत राहा. वहीत रोज रात्री एकदाच लिही: झोप किती तास, पोट कसे, धडधड दहापैकी किती. दिवसभर नाडी मोजत बसायचे नाही. गोळी नाश्त्यानंतर घे. तेवढ्याने मळमळ बरीच कमी होते.

दुकानदार या नात्याने आणखी थोडे. वेष्टनावरचे मोठे नाव कंपनीचे असते. खाली बारीक अक्षरांत लिहिलेले औषधाचे नाव आणि मिलिग्रॅम चिठ्ठीशी जुळवून बघ, म्हणजे कंपनी बदलली तरी दचकायला होणार नाही. पाच-सात गोळ्याच घेतल्यास, तर कापलेल्या पट्टीवरची मुदतीची तारीख दुसऱ्या तुकड्यावर राहते. ती लिहून घे. झोपेसाठी दिलेली क्लोनाझेपामची अर्धी गोळी सांगितलेल्या दिवसांपुरतीच घे, कारण सवय लागण्याचा धोका तिचा आहे. सर्ट्रालिनची तशी तलफ लागत नाही. दुखण्यासाठी ट्रामाडोल किंवा आयबुप्रोफेन, खोकल्याचे औषध किंवा एखादा काढा घ्यायचा झाल्यास आधी डॉक्टरांना विचार.

एक गोष्ट तुझ्या आईलाही सांगून ठेव. पंचविशीच्या आतल्या वयात, औषध सुरू करताना किंवा मात्रा बदलताना, क्वचित जीव नकोसा करणारे विचार येतात. ते आले, किंवा झोप नसतानाही विलक्षण उत्साह वाटू लागला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना फोन कर. ताप, स्नायू ताठरणे, थरथर आणि गोंधळल्यासारखे होणे हे सगळे एकत्र दिसले, तर त्याच क्षणी इस्पितळाच्या तातडीच्या विभागात जायचे. रात्री-अपरात्री बोलायला कोणी नसले, तर शासनाची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मराठीतही मिळते.

उद्या संध्याकाळी गोळ्या आण. पहिली परवा नाश्त्यानंतर घे, आणि दुपारी मला फोन कर. मी जेवून पडलेला असलो तरी उचलीन. रविवारी येशील तेव्हा ती वही घेऊन ये.

तुझा,
काका