पी-जे बेस घ्यावा का? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

लग्नसराई तोंडावर आली की बेस गिटारचे प्रश्न येतातच, पण या वेळी बहुतेकांना एकच पडलंय, की दोन वेगवेगळ्या जातीचे पिकअप (तारेचं कंपन पकडून ॲम्पकडं पाठवणारे भाग) असलेला बेस, म्हणजे प्रिसिजन बेसचा पी आणि जॅझ बेसचा जे एकत्र असलेला पी-जे, घेतला तर एका गिटारीत दोन गिटारी मिळतात का. मिळत नाहीत राव. एक चांगला आवाज मिळतो आणि त्याला थोडं इकडंतिकडं करायची सोय मिळते, आणि माझ्या मते तेवढं पुरेसं आहे. आता एकेक घेऊ.

लातूरहून: मी कॉलेजात आहे, ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो. लग्नं, गणपती, भीमगीतं सगळंच असतं. पी-जे घेऊ का दोन जे वाला?

पी-जे घे. तुझ्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड आहे ना, मग त्या भौचा डावा हात खाली बेस वाजवतच असणार, वरून ऑक्टापॅडचा किक, आणि या दोघांच्या मधून तुला ऐकू यायचंय. तिथं पी पिकअपचा जाडजूड मिड, म्हणजे मधल्या पट्टीतला आवाज, कामाला येतो. हा पिकअप गिटारीच्या साधारण मधोमध असतो, दोन तुकड्यांत, एक ई आणि ए तारेखाली, दुसरा डी आणि जी खाली. जे पिकअप म्हणजे ब्रिजजवळची (तारा खाली जिथं अडकवतात तिथली) ती लांब पट्टी, तिथं तार कमी हलते म्हणून आवाज टणक आणि बारीक येतो, बोटांची हालचाल स्पष्ट कळते. नव्वद टक्के वेळ तू पी वरच राहशील, संथ गाण्यात किंवा बेसची एखादी जागा असली की जे थोडा मिसळशील.

सुरुवातीच्या रेंजमधे यामाहा टीआरबीएक्स १७४, इबानेझ जीएसआर २००, स्क्वायरचा ॲफिनिटी पी-जे हे सगळे याच प्रकारातले आहेत. इबानेझमधे बेस बूस्टची जादा नॉब आहे आणि त्यासाठी ९ व्होल्टची बॅटरी लागते, ती विसरू नको. आणि हो, घ्यायच्या आधी कीबोर्डवाल्याशी बोलून घे की तू असताना डावा हात जरा वर ठेव, नाहीतर लाखाचा बेस आणला तरी खाली नुसता चिखल होणार.

परभणीहून: नवीन पी-जे घेतला. पी वर एकदम शांत आहे पण जे चालू केला की घूंऽऽ आवाज येतो. दुकानदार म्हणतो असंच असतं. फसवलं का मला?

नाही, दुकानदार खरं बोलला, फक्त कामून ते सांगितलं नाही.

फेंडरचा प्रिसिजन बेस १९५१ चा, त्याला तेव्हा साधा सिंगल कॉइल, म्हणजे बारीक वायरची एकच गुंडाळी असलेला पिकअप, होता. १९५७ मधे त्यांनी तो दोन तुकड्यांचा केला, एका तुकड्याची गुंडाळी आणि मॅग्नेट दुसऱ्याच्या उलटे, त्यामुळे बाहेरून येणारी विजेची घरघर दोन्हीत उलटसुलट येऊन आपोआप कटते पण तारेचा आवाज मात्र जुळून येतो. जॅझ बेस आला १९६० मधे, त्यात दोन सिंगल कॉइल, आणि आताच्या बऱ्याच जॅझ बेसमधे हे दोन्ही एकमेकांना उलटे असतात म्हणून दोन्ही फुल्ल उघडले की घरघर जाते. आता तुझ्या पी-जे मधे बघ, पी स्वतःपुरता शांत आहे पण जे ला उलटा जोडीदारच नाही, त्यामुळे एकटा उघडला तरी घूं करणार आणि पी बरोबर उघडला तरी करणार. हे डिझाइनमधेच आहे, तुझ्या पीसचा दोष नाही.

खात्री करायची तर जे चालू ठेवून उभ्या उभ्या हळूहळू गोल फिर. घरघर कमीजास्त होईल आणि एका कोनात जवळपास गायब होईल, म्हणजे सिंगल कॉइल आपलं कामच करतोय. ट्यूबलाइट, डिमर, ॲडाप्टर यांच्यापासून लांब उभा राहा. तारांना हात लावल्यावर घरघर कमी झाली तर अर्थिंग ठीक, हात लावल्यावर वाढली तर जॅकजवळची वायर तपासून घे. कायमचा इलाज पाहिजे असेल तर त्याच मापाचा हम न करणारा जे पिकअप मिळतो, आत दोन कॉइल असतात, बाहेरून फरक दिसत नाही.

एक गोष्ट मात्र वेगळी. मांडवात जनरेटरवर वाजवताना माइकला ओठ लागला आणि मुंग्या आल्या तर तो पिकअपचा विषय नाही, गिटार खाली ठेव आणि लाइटवाल्याला बोलव. घरघर जावी म्हणून ॲम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणारे हुशार लोक आपल्याकडं लय आहेत. जिवाशी खेळ आहे तो.

नांदेडहून: दोन्ही पिकअप फुल्ल केले की आवाज वाढायच्या ऐवजी पोकळ होतो, बँडमधे मी ऐकूच येत नाही.

बरोबर आहे. दोन पिकअप तारेला दोन वेगळ्या जागी ऐकतात, ते मिसळले की काही मिड फ्रिक्वेन्सी एकमेकींना खातात. घरी एकट्यानं वाजवताना तो आवाज गोड वाटतो, स्टेजवर तोच गायब होतो. पी फुल्ल ठेव आणि जे शून्यापासून हळूहळू वाढव, जिथं आवाजाला जरा दात आल्यासारखे वाटतील तिथंच थांब, फुल्लच्या थोडं अलीकडं.

उंची पण बघ. पी बहुतेक वेळा जे पेक्षा जोरात असतो. शेवटचा फ्रेट (दांड्यावरची धातूची आडवी पट्टी) दाबून तार आणि पिकअप यांच्यात जाड तारेखाली तीनेक मिलिमीटर, बारीक तारेखाली दोन-अडीच, इथून सुरुवात कर, मग पी जरा खाली घे आणि जे जरा वर. स्क्रू ड्रायव्हर आणि दहा मिनिटं, बाकी काही नको. जे लय वर नेला तर तार त्याच्यावर आपटते, तेवढं सांभाळ.

जालन्याहून: पी बरोबर मोठा हंबकर असलेला बेस बघितला, मस्त वाटला. घेऊ का?

म्युझिक मॅनचा स्टिंगरे १९७६ मधे आला, तेव्हापासून त्या जाड हंबकरचा, म्हणजे दोन कॉइलच्या घरघर न करणाऱ्या पिकअपचा, आवाज लोकांना आवडतो, आणि पी बरोबर तो लावलेले बेस आहेत, जर्मनीच्या सँडबर्गचा कॅलिफोर्निया व्हीएम त्यातलाच. घरघरीचा त्रास नाही, स्लॅप (अंगठ्यानं तार आपटून वाजवणं) करायला मजा. पण हंबकर दांडगा असतो, स्विच टाकला की आवाज एकदम उसळतो आणि साउंडवाला तुमच्याकडं डोळे वटारून बघतो. दुकानात दोन्हीची लेव्हल एकसारखी होते का ते स्वतः वाजवून बघा, झाली नाही तर मी तरी घेणार नाही. बेस ॲक्टिव्ह, म्हणजे बॅटरीवाला, असेल तर वाजवून झाल्यावर केबल काढत जा, जॅकमधे केबल राहिली की बॅटरी उतरत राहते.

बीडहून: मुलगी बारा वर्षांची आहे, हात लहान आहेत.

पिकअप सोडा, आधी स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, बघा. नेहमीचा बेस ३४ इंची, तिला ३० इंची शॉर्ट स्केल घ्या. पट्टा लावून उभी करा, हेडस्टॉक (खुंट्यांचं टोक) खाली झुकत असेल तर दुसरा दाखवा म्हणायचं.

धाराशिवहून: माझ्याकडं जुना पी बेस आहे. लाकूड कोरून जे बसवून देतो असं एक जण म्हणतोय.

थांबा जरा. कोरलेलं लाकूड परत येत नाही आणि त्यात वायरिंग, नॉब सगळंच बदलावं लागतं. आधी तारा बदला, किती वर्षांच्या आहेत त्या? नवीन राउंडवाउंड (वरून गोल वायर गुंडाळलेल्या) टाकल्या की अर्धी तक्रार तिथंच मिटते. मग मान (फ्रेट असलेला लांब दांडा) बघा, मे महिन्यात आपल्याकडं हवा इतकी कोरडी होते की मान सरळ होऊन तारा फ्रेटवर झणझणतात, पावसाळ्यात उलटं होऊन तारा वर येतात. पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून मधे सातव्या-आठव्यापाशी व्हिजिटिंग कार्ड जाईल एवढी फट हवी. ट्रस रॉड (मानेच्या आतली सळई) एका वेळी पाव फेराच, आणि पाना अगदी मापाचा. हे सगळं करून उजवा हात ब्रिजकडं सरकवून वाजवा, त्यानंतरही जे पाहिजेच वाटलं तर हा आहे तसा ठेवा आणि सेकंडहँड पी-जे शोधा.