नाक दाबलं, तोंड उघडलं

मणक्याला मार लागून घरात पडून असलेल्या माणसाचे नातेवाईक माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा शब्द निरनिराळे असतात, प्रश्न एकच : "मॅडम, आमचा एखादा उपचार करायचा राहून तर जात नाही ना?" कधी स्टेम सेल, कधी कुठलं तरी तेल, कधी शेजारच्या जिल्ह्यातला हाडवैद्य. अलीकडे त्यात कमी ऑक्सिजनच्या उपचाराची भर पडली आहे. तीन-चार घरांनी विचारलं, म्हणून त्यातल्या एकाची गोष्ट सांगते. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत.

कोरेगाव तालुक्यातले दोघे भाऊ. थोरला जांभळाच्या झाडावरून पडला. जांभळाची फांदी किती फसवी, हे गावातल्या पोरासोरांना ठाऊक असतं, तरी दरवर्षी कुणीतरी चढतंच. इजा मानेच्या मणक्याला. ऑपरेशन झालं, व्यायाम सुरू झाला. वर्षभरानं तो आधार धरून मिनिटभर उभा राहत होता, हाताची पकड मात्र अर्धीमुर्धीच. पहिल्या भेटीला साताऱ्याला एकटा धाकटाच आला, हातात मोबाइल, त्यात एक व्हिडिओ.

"परदेशात ऑक्सिजन कमी देऊन माणसं चालाय लागल्यात. आम्ही पण चालू केलंय."

"काय चालू केलंय?"

"पहाटे दादाचं नाक-तोंड दाबून धरतो. बोटाला ऑक्सिमीटर लावतो. आकडा खाली आल्याबिगर सोडत न्हाई."

पुढच्या महिन्यात महाबळेश्वरला खोली घ्यायचीही तयारी होती, विरळ हवेसाठी.

व्हिडिओ खोटा नव्हता, हीच पंचाईत. आपण घेतो त्या हवेत 21 टक्के ऑक्सिजन असतो. या प्रयोगांत मास्कमधून साधारण 9 टक्के ऑक्सिजनची हवा मिनिट-दीड मिनिट देतात, मग मिनिटभर साधी हवा, असं पंधरा वेळा. त्या छोट्या चणचणीनं मज्जारज्जूत सेरोटोनिन सुटतं, चेतापेशी एक पोषक प्रथिन तयार करतात आणि शाबूत राहिलेल्या क्षीण जोडण्या काही काळ जोमानं काम करू लागतात. तेवढ्या वेळात व्यायाम करून घ्यायचा. 2014 साली 'न्यूरॉलॉजी' या नियतकालिकात 19 जणांवरचा असा अभ्यास आला. नुसत्या कमी ऑक्सिजनपेक्षा त्याला चालण्याच्या सरावाची जोड दिल्यावर सहा मिनिटांत कापलेलं अंतर जास्त वाढलं होतं. पण ते सगळे मज्जारज्जू पूर्ण न तुटलेले, थोडंफार आधीच चालू शकणारे. तुटलेला मज्जारज्जू यानं जुळत नाही, आणि हे काम अजून संशोधनातच आहे.

नाक दाबणं ही वेगळीच गोष्ट. त्यात कार्बन डायऑक्साइड साठत जातो, आणि मानेच्या इजेत रक्तदाब कधी उसळी घेईल याचा नेम नसतो. महाबळेश्वरच्या हवेतही ऑक्सिजन 21 टक्केच, हवा थोडी विरळ एवढंच. 9 टक्क्यांची बरोबरी करायची तर एव्हरेस्टच्या बेस कॅम्पच्याही वर जावं लागेल. हे मी त्याला कागदावर डोंगर काढून दाखवलं. नाक दाबणं त्याच दिवसापासून बंद करायला लावलं आणि त्यांच्या डॉक्टरांच्या कानावर घालायला सांगितलं.

दुसऱ्या भेटीला थोरल्याला आणायला लावलं. "तुम्हाला काय हवंय?" असं विचारल्यावर त्याची बायको बोलायला लागली, धाकटाही. मी दोघांना हातानं थांबवलं. थोरला म्हणाला, "पहाटेची झोप." आणि जरा वेळानं, "दाढी माझी मला करता यावी."

वहिनी हसली. धाकटा हसला नाही.

मी अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाच्या विचारानं काम करणारी बाई. 'असं झालंच पाहिजे' हा हट्टच माणसाला जास्त छळतो, असं तो सांगायचा. माझा कान 'च'वर असतो. धाकट्याच्या प्रत्येक वाक्यात 'दादा चाललाच पाहिजे' होतं. चौथ्या भेटीत तो एकटा असताना विचारलं, "आणि नाही चालला तर?"

बराच वेळ तो काही बोलला नाही. डाव्या हातानं उजवा खांदा चोळत राहिला. आधीही तो असंच करायचा. मला वाटायचं, दादाला उचलून खांदा धरला असेल.

"ह्याच खांद्यावर टाकून आणला मी त्याला. मान लोंबत होती. छोट्या हत्तीत मागं घातला, रस्ता सगळा खड्ड्यांचा." मग म्हणाला, "माझ्यामुळंच झालं ना, मॅडम?"

नाक दादाचं दाबलं जात होतं आणि तोंड उघडायचं होतं ह्याचं.

'नाही रे, तुझा काय दोष' हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. तेच त्याला सगळ्यांनी सांगितलं होतं आणि त्यानं कुणावरच विश्वास ठेवला नव्हता. मी म्हणाले, "पडण्यानं किती झालं आणि उचलण्यानं किती, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. मलाही नाही."

तो रडला. मी पाण्याचा ग्लास सरकवला नाही. इतक्या वर्षांत एवढं शिकले आहे.

मग आम्ही एका अक्षरावर काम केलं. 'माझ्यामुळंच' यातला 'च' काढून तिथं 'ही' ठेवायचा : 'माझ्यामुळंही असेल.' झाडामुळंही, फांदीमुळंही, गावात कुणालाच माहीत नसल्यामुळंही. उंचावरून पडलेल्याला उचलायचं नाही, मान-पाठ हलू द्यायची नाही, 108 ला फोन करायचा, हे त्याला तरी कुणी कधी सांगितलं होतं?

नव्या उपचाराची माहिती काढायला माझी ना नाही. फक्त आधी डॉक्टरांना विचारा की इजा पूर्ण आहे की अपुरी, उपचार मान्य झालेला आहे की अजून प्रयोग चालू आहे, आणि तो देताना रक्तदाब, ऑक्सिजन कोण बघणार. प्रयोग म्हणून कुणी लाखभर रुपये मागत असेल तर तिथंच उठा. आणि घरी येऊन ज्याला इजा झालीय त्यालाही विचारा. बहुतेक घरांत तेवढंच राहून गेलेलं असतं.

फिजिओथेरपिस्टनं रेझरच्या दांड्याला सायकलच्या मुठीचं रबर चढवून दिलं. दोन महिन्यांनी धाकट्याचा फोन आला. "दादानं आज दाढी केली. पाऊण तास लागला. गालाला दोनदा कापलं. मी न्हाणीच्या बाहेरच थांबलो मॅडम, आत गेलो न्हाई."