लेकीच्या कम्युनिकेशनच्या पदवीसाठी ठेवी मोडाव्यात का?

प्रश्न (डिचोलीहून एक वाचक): मुलीची बारावी झाली. पुण्यातल्या खासगी विद्यापीठात लिबरल आर्ट्स घेऊन कम्युनिकेशन हा मुख्य विषय करायचं म्हणते. चार वर्षांचा खर्च हॉस्टेलसकट २२ लाख. १० लाखांच्या मुदत ठेवी मोडून उरलेल्या १२ लाखांचं कर्ज काढावं का? यजमान सहा वर्षांनी निवृत्त होतील.

उत्तर: ताई, विषय चांगला आहे, तेव्हा मुलीला त्यापासून परतवू नका. माणसं बोलण्याने कशी पटतात, बातमी कशी घडते, संस्थेतला संवाद कुठे अडतो, हे शिकलेल्या मुलीला वृत्तपत्र, जाहिरात, जनसंपर्क, सामाजिक संस्था अशा अनेक ठिकाणी काम मिळू शकतं. त्यात मराठी, कोंकणी आणि इंग्रजी तिन्ही लिहिता येत असेल तर गोव्यात तिला नक्कीच वाव आहे. पण या पदवीमागे सनदेसारखा कुठलाही परवाना नाही. पहिला पगार बेताचाच धरून चाला आणि कर्ज त्याच्या मापाने काढा.

आता आकडे बघा. दर वर्षी ३ लाख उचलले, व्याज १० टक्के धरलं आणि हप्ते शिक्षणानंतर वर्षभराने सुरू झाले, तर तोवर साधं व्याजच ४ लाख २० हजार होतं. मग १६ लाख २० हजारांवर दहा वर्षं महिना सुमारे २१,४०० रुपये. हप्ते सुरू झाल्यावर वर्षभरातच यजमान निवृत्त होतील आणि ठेवी तर आधीच मोडलेल्या असतील. साडेसात लाखांच्या वर बँक सहसा तारण मागते, म्हणजे राहतं घर गुंतायचं. विद्यापीठ केंद्र सरकारच्या पीएम-विद्यालक्ष्मी या शैक्षणिक कर्ज योजनेच्या यादीत असेल तर तारण आणि जामीनदार लागत नाही, हे आधी तपासा. शैक्षणिक कर्जावरची आयकर सवलत फक्त व्याजावर, तीही जुन्या करप्रणालीत. त्या सवलतीसाठी कर्ज वाढवू नका.

माझं मत स्पष्ट आहे: ठेवी मोडू नका. गोवा विद्यापीठाशी संलग्न काही महाविद्यालयांत मास कम्युनिकेशन आहे आणि तिथलं शुल्क २२ लाखांच्या जवळपासही जात नाही. पणजीत २००४ पासून इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो, आकाशवाणी आहे, मराठी दैनिकं आहेत. तीन वर्षांत तिने छापून आलेलं आणि ध्वनिमुद्रित झालेलं आपलं काम जमवलं, तर नोकरी देणारा तेच आधी बघेल. वाचलेले पैसे एम.ए.साठी ठेवा. तोवर तिला पत्रकारिता हवी की जाहिरात, हेही कळलेलं असेल.

पुण्याचाच हट्ट असेल, तर २०२० च्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं. त्या विद्यापीठात ही सोय आहे का, आणि मग शुल्क किती, ते लेखी घ्या. शिष्यवृत्तीचा अर्जही आताच करा. तरीही कर्ज साडेसात लाखांच्या आत बसलं नाही, तर तिथला प्रवेश घेऊ नका.

गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी कर्ज योजना आहे. हा अभ्यासक्रम तिच्यात बसतो का, ते बँकेत जाण्याआधी विचारून या.