हाजी आगाला पडद्यावर आणणारा

अनेक आशीर्वाद.

कास्टिंगवाले दारातही उभं करत नाहीत, हे तुझं गाऱ्हाणं खरंच आहे. पण ओव्हानेस ओहानियनचं नाव ऐकलंयस? इराणातला आर्मेनियन माणूस. मॉस्कोत सिनेमा शिकून तेहरानला आला तेव्हा तिथे परदेशी चित्रपट चालत, इराणी कथापट मात्र एकही नव्हता. काम मागणार कुणाकडे? गड्याने १९३० साली नटांसाठी शाळाच काढली आणि तिथल्याच पोरांना घेऊन 'आबी व राबी' हा मूकपट केला. एक उंच, एक बुटका, आणि दोघांच्या करामती. इराणचा पहिला कथापट तो. १९३२मध्ये मायाक थिएटरला आग लागली आणि त्याची एकुलती एक प्रिंट जळाली. (तुझी एकांकिका अजून त्या एकाच पेनड्राइव्हवर आहे ना? आधी तिची कॉपी काढ, मग पुढे वाच.)

त्याचा दुसरा, १९३३चा 'हाजी आगा, सिनेमाचा नट' मात्र शिल्लक आहे. तो बघच. हाजीला सिनेमाचं नाव काढलेलं खपत नाही. मुलगी आणि जावई मात्र सिनेमाने झपाटलेले. दिग्दर्शक गोष्टीच्या शोधात आहे, आणि ती भूमिका ओहानियनने स्वतःच केलीय. ठरतं असं, की हाजीचंच चोरून चित्रण करायचं. बिचारा हरवलेल्या घड्याळामागे गावभर धावतो आणि कॅमेरा त्याच्या मागे. शेवटी त्याला थिएटरात नेऊन बसवतात. पडद्यावर स्वतःला बघून, लोकांच्या टाळ्या ऐकून म्हातारा विरघळतो. मुस्लिम घरातल्या बायकांना पडद्यावर येणं तेव्हा फार अवघड. असिया कोस्तानियन ही आर्मेनियन नटी आणि ओहानियनची मुलगी झोमा, या दोघी उभ्या राहिल्या.

मला आवडतं ते हे, की नाकं मुरडणाऱ्यांशी तो वाद घालत बसला नाही. त्यांच्यातल्याच एकाला त्याने नायक केलं, आणि तेही जीव लावून. तुझ्या लिखाणातला बाप नुसता ओरडतो. त्याला एखादं तरी घड्याळ हरवू दे की!

चित्रपट पडला, हेही सांगतो. त्याच सुमारास मुंबईहून 'दुख्तर-ए-लोर' तेहरानला पोचला होता. 'आलम आरा'वाल्या अर्देशीर इराणींच्या इंपीरियल कंपनीत अब्दुलहुसेन सेपंता या इराणी लेखक-नटाच्या साथीने झालेला पहिला फारसी बोलपट. पडदा आपल्या भाषेत बोलायला लागल्यावर मूकपटाला कोण विचारतो? पुढच्या चित्रपटाला पैसा उभा राहिला नाही आणि ओहानियन इराण सोडून भारतात आला.

अंगात कला असूनही तो आवाजापाशी अडला. तुझ्या लघुपटात पंख्याची घरघर संवादांच्या वर ऐकू येते. नवी लेन्स राहू दे, आधी बरा माइक घे, आणि महिनाभर एखाद्या डबिंग स्टुडिओत पडेल ते काम कर.

पटकथेची पहिली दहा पानं पाठव. टाइप केलेली; तुझं अक्षर मला लागत नाही.